विश्लेषण : आभासी संगणकाच्या पोटातला आभासी संगणक अडतो, तेव्हा चूक नेमकी कोणाची?

मोबाइलवर आपण वापरतो त्यांपैकी बहुतेक सेवांच्या मागे आज कुठल्या तरी डेटा सेंटरमधील ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजेच आभासी संगणक असतो. एका खऱ्या यंत्रावर असे अनेक आभासी संगणक चालवून ते वेगवेगळ्या ग्राहकांना भाड्याने दिले जातात. आता त्या आभासी संगणकाच्या आतही आणखी एक आभासी संगणक चालवण्याची गरज वाढली आहे. याला ‘नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन’ म्हणतात. हा तीन मजली डोलारा एरवी सुरळीत चालतो. पण कधी तरी सर्वांत आतला संगणक एखाद्या साध्या आज्ञेवर अडतो आणि बंद पडतो. कधी तर तो अडतही नाही, चुकीचे उत्तर घेऊन तसाच पुढे जातो. हा दुसरा प्रकार अधिक घातक. लिनक्समध्ये २०२० साली दुरुस्त झालेली एक सुरक्षा त्रुटी याच प्रकारातली होती. अशा चुका का होतात आणि चूक कोणत्या मजल्यावर आहे हे अभियंते कसे शोधतात, याविषयी...

‘नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन’ म्हणजे काय?

घरमालक, भाडेकरू आणि पोटभाडेकरू हे नाते डोळ्यांपुढे आणले, तर हा प्रकार चटकन समजतो. घरमालकाने घर भाड्याने दिले. भाडेकरूने त्यातली एक खोली पोटभाडेकरूला दिली. पोटभाडेकरूचा करार भाडेकरूशी झालेला असतो, घरमालकाशी नाही. पाण्याची टाकी, विजेचा मीटर, गच्चीची किल्ली मात्र शेवटी घरमालकाच्याच ताब्यात.

संगणकात खऱ्या यंत्रावर चालणारी ‘हायपरव्हायजर’ ही आज्ञावली म्हणजे घरमालक. अभियंते तिला ‘एल-०’ म्हणतात. तिने उभा केलेला आभासी संगणक म्हणजे भाडेकरू, ‘एल-१’. त्या आभासी संगणकात आणखी एक हायपरव्हायजर बसवून चालवलेला संगणक म्हणजे पोटभाडेकरू, ‘एल-२’. आपण थेट खऱ्या प्रोसेसरवर चालत आहोत, असेच एल-२ मधील प्रणालीला वाटावे, यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

लिनक्समधील ‘केव्हीएम’ हा हायपरव्हायजर फेब्रुवारी २००७ मध्ये, लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत आला. इस्रायलमधील हैफा येथील आयबीएमच्या संशोधकांनी त्याच्याच आधारे २०१० मध्ये ‘टर्टल्स प्रोजेक्ट’ मांडला आणि इंटेलच्या प्रोसेसरवर एका आभासी संगणकात दुसरा चालवणे व्यवहार्य असल्याचे दाखवून दिले. नेहमीच्या कामांत वेगातील घट, एका पातळीच्या आभासी संगणकाच्या तुलनेत, ६ ते ८ टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, असे त्यांच्या मोजमापात आढळले. पृथ्वी कासवाच्या पाठीवर, ते कासव दुसऱ्या कासवाच्या पाठीवर आणि खाली कासवेच कासवे, या गोष्टीवरून प्रकल्पाला ते नाव पडले.

याची गरज कोणाला पडते?

अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या दर बदलानंतर ते अ‍ॅप ‘अँड्रॉइड एम्युलेटर’मध्ये, म्हणजे संगणकावरील आभासी फोनमध्ये तपासतात. ही तपासणी क्लाउडवरच्या भाड्याच्या आभासी संगणकावर होते, तेव्हा आभासी संगणकाच्या पोटात आभासी फोन अशी रचना होते. विंडोज ११ मधील काही सुरक्षा सुविधा स्वतःच हायपरव्हायजर वापरतात. त्यामुळे विंडोज आभासी संगणकात चालवून त्या सुविधा सुरू ठेवायच्या, तर दुसरी पातळी आलीच. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्यासाठीच्या ‘डब्ल्यूएसएल-२’चेही तेच. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना एकाच यंत्रावर संपूर्ण जाळे उभे करून दाखवायचे असते, त्यांनाही ही सोय लागते.

मायक्रोसॉफ्ट अझुर आणि गूगल क्लाउड यांनी ही सुविधा २०१७ मध्ये ग्राहकांसाठी खुली केली. लिनक्समध्ये इंटेल प्रोसेसरांसाठी ती डिसेंबर २०१८ मधील ४.२० आवृत्तीपासून आपोआप सुरू असते. मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ हा क्लाउड विभाग पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचा एक विभाग २०१६ पासून मुंबईत आहे. अशा कोणत्याही केंद्रात एकाच खऱ्या यंत्रावर एकमेकांना न ओळखणारे ग्राहक शेजारी शेजारी नांदत असतात. त्यांच्यामधली भिंत विटांची नसते, हायपरव्हायजरच्या आज्ञावलीची असते. म्हणून तिच्यातली छोटी चूकही मोठी ठरू शकते.

प्रोसेसर असताना आज्ञेची नक्कल कशासाठी?

आभासी संगणकातील बहुतेक आज्ञा खरा प्रोसेसर थेट पार पाडतो. बेरीज, वजाबाकी, तुलना यांत हायपरव्हायजरचा हात लागत नाही. मात्र काही आज्ञा तशाच जाऊ दिल्या, तर एका ग्राहकाचा हात दुसऱ्याच्या सामानाला लागेल. अशा आज्ञेवर प्रोसेसर थांबतो आणि ताबा हायपरव्हायजरकडे देतो. याला ‘व्हीएम एक्झिट’ म्हणतात. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्ये ही सोय आणली. त्याआधी पेंटियम प्रोसेसरमध्ये ज्या थांबायला हव्यात पण थांबत नाहीत अशा १७ आज्ञा असल्याचे दोन अभ्यासकांनी २००० मध्ये दाखवले होते.

थांबल्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड असतो. समजा, आतल्या प्रणालीने नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर एक आकडा लिहिला. ते कार्डच आभासी आहे. प्रोसेसर हायपरव्हायजरला एवढेच सांगतो, की अमुक पत्त्याला हात लागला. कोणता आकडा लिहायचा होता, तो कोणत्या रजिस्टरमध्ये आहे, तो एक बाइटाचा की आठ, हे समजायचे तर मूळ आज्ञा मेमरीतून वाचावी लागते, तिचा अर्थ लावावा लागतो आणि प्रोसेसरने जे केले असते ते हुबेहूब आज्ञावलीने करून दाखवावे लागते. हेच ‘इन्स्ट्रक्शन एम्युलेशन’, म्हणजे आज्ञेची नक्कल.

इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांत एक आज्ञा १ ते १५ बाइटांची असू शकते. तिच्या आधी निरनिराळे उपसर्ग लागतात आणि उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. इंटेलची अधिकृत संदर्भ पुस्तिका सुमारे पाच हजार पानांची आहे. केव्हीएममधील नक्कल करणारी मुख्य फाइलच पाच हजारांहून अधिक ओळींची आहे, तरी तिला सगळ्या आज्ञा येत नाहीत. ज्या लागतील असे वाटले, त्याच तिला शिकवल्या गेल्या.

दुसरी पातळी आली की गुंता का वाढतो?

कारण प्रोसेसरला एकच घरमालक माहीत असतो. पोटभाडेकरूची प्रत्येक तक्रार आधी घरमालकाच्याच दारात येते. एल-२ मधील आज्ञा अडली, की ताबा थेट एल-० कडे जातो. मग एल-० ला करार तपासावा लागतो. ‘ही आज्ञा माझ्याकडे पाठव’ असे एल-१ ने सांगून ठेवले आहे का? असेल, तर जणू प्रोसेसरनेच कळवले अशा थाटात ती एल-१ कडे सोपवायची. नसेल, तर स्वतः निस्तरायची.

सोपवली तरी काम संपत नाही. ती निस्तरताना एल-१ स्वतःही अशा आज्ञा देतो, ज्यांवर प्रोसेसर पुन्हा थांबून एल-० कडे येतो. म्हणजे आत एकदा अडले, तर तळाला अनेकदा थांबावे लागते. टर्टल्सच्या संशोधकांनी याला ‘एक्झिट मल्टिप्लिकेशन’ म्हटले होते. इंटेलने २०१३ च्या ‘हॅसवेल’ पिढीपासून यातील काही फेऱ्या वाचवणारी सोय प्रोसेसरमध्येच दिली.

करारही दोन असतात. एल-० चा एल-१ शी आणि एल-१ चा एल-२ शी. प्रोसेसरला मात्र एकच कागद वाचता येतो. म्हणून एल-० दोन्ही करार एकत्र करून तिसरा कागद बनवतो आणि एल-२ प्रत्यक्षात त्याच्यावर चालतो. हा तिसरा कागद बनवताना एक कलम सुटले, तरी एल-२ ला नको ती मुभा मिळते किंवा हवी ती नाकारली जाते.

पत्त्यांचेही तसेच. एल-२ मधील आज्ञा एल-० ला वाचायची असेल, तर आधी एल-२ चा पत्ता त्याच्या स्वतःच्या तक्त्यातून, मग एल-१ च्या तक्त्यातून आणि शेवटी एल-० च्या तक्त्यातून उलगडावा लागतो. यांपैकी एका तक्त्याची जुनी प्रत वापरली गेली, तर आज्ञा म्हणून भलतेच काही वाचले जाते.

बिघाड बाहेरून कसा दिसतो?

साधारण तीन प्रकारे. पहिला, आतला संगणक थांबतो आणि केव्हीएमसोबत वापरली जाणारी ‘क्यूईएमयू’ ही आज्ञावली ‘केव्हीएम इंटर्नल एरर, सबएरर : १’ असा संदेश देते. त्याखाली ‘एम्युलेशन फेल्युअर’, सर्व रजिस्टरांतील आकडे आणि अडलेल्या आज्ञेचे बाइट छापलेले असतात. संदेश भीतीदायक दिसतो, पण हाच प्रकार सर्वांत सोयीचा, कारण पुरावा हातात असतो.

दुसऱ्या प्रकारात काहीच छापले जात नाही. तीच आज्ञा पुन्हा पुन्हा अडत राहते, आतला संगणक गोठतो आणि बाहेर प्रोसेसरचा वापर शंभर टक्के दिसतो.

तिसऱ्या प्रकारात नक्कल पूर्ण होते, पण चुकीची. एखादा ध्वज-बिट वेगळा राहतो किंवा परवानगी तपासायची राहून जाते. आतली प्रणाली पुढे चालत राहते आणि परिणाम तासाभराने भलत्याच ठिकाणी दिसतो. कधी दिसतही नाही आणि त्याचा फायदा घेणाऱ्यालाच तो ठाऊक असतो. लिनक्सच्या ४.१८ पूर्वीच्या आवृत्त्यांत अशी एक त्रुटी होती. काही आज्ञांची नक्कल करताना, मेमरीत पोहोचण्याचा अधिकार आज्ञा देणाऱ्याला आहे का, हे केव्हीएम पाहतच नव्हते. आतल्या साध्या वापरकर्त्याला त्यातून आपल्या प्रणालीत वरचा अधिकार मिळवता येण्याची शक्यता होती. ही त्रुटी ‘सीव्हीई-२०१८-१०८५३’ या क्रमांकाने नोंदली गेली.

चूक कोणत्या मजल्यावर, हे कसे ठरवतात?

संदेश कोणत्या मजल्यावर छापला गेला, हे पहिले पाहतात. एल-१ मधील क्यूईएमयूने तो दिला असेल, तर एल-१ च्या हायपरव्हायजरला नक्कल जमली नाही. खऱ्या यंत्रावरील क्यूईएमयूने दिला असेल, तर एल-० ला जमली नाही. पण ओरडणारा मजला आणि चुकणारा मजला एकच असेल, असे नाही. एल-० ने आज्ञा एल-१ कडे सोपवताना पत्ता किंवा कारण चुकीचे कळवले, तर एल-१ प्रामाणिकपणे काम करूनही तोंडघशी पडतो.

म्हणून दुसरी पायरी एक मजला काढून टाकण्याची. एल-२ मधली तीच प्रणाली, तेच आभासी उपकरण, थेट एल-० वर चालवायचे. तिथेही अडले, तर दोष साध्या नकलेत आहे, दुसऱ्या पातळीशी त्याचा संबंध नाही. तिथे सुरळीत चालले, तर संशय दोन पातळ्यांच्या सांध्यावर येतो. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलतात : इंटेलऐवजी एएमडीचे यंत्र, एल-० चे नवे कर्नल, एल-१ चे जुने कर्नल, आभासी प्रोसेसर चारऐवजी एक. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही.

आभासी प्रोसेसर एकच ठेवल्यावर बिघाड थांबला, तर तो मोठा धागा असतो. दोन प्रोसेसर एकमेकांच्या पायात येत होते, असा त्याचा अर्थ निघतो.

आज्ञेच्या बाइटांतून काय कळते?

छापलेले बाइट ‘डिसअसेंबलर’ला दिले, की आज्ञेचे नाव मिळते. अनेकदा उत्तर तिथेच असते. उदाहरणार्थ, ती ‘एव्हीएक्स’ कुटुंबातील निघते. एका वेळी अनेक बाइट हलवणाऱ्या या वेगवान आज्ञा कंपायलर मेमरीची प्रत करताना स्वतःहून निवडतो. साध्या मेमरीवर त्या थेट प्रोसेसरवर चालतात, काही अडत नाही. पण त्याच आज्ञेने आभासी उपकरणाच्या पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला, की नक्कल करण्याची वेळ येते आणि केव्हीएमच्या नकलाकाराला ही आज्ञा अनेक वर्षे येतच नव्हती. अशा वेळी आभासी प्रोसेसरच्या वर्णनातून एव्हीएक्स लपवून पाहतात. कंपायलरने आधीच तयार केलेली आज्ञावली त्याने बदलत नाही. पण बऱ्याच प्रणाली सुरू होताना प्रोसेसरला काय येते ते विचारतात आणि त्याप्रमाणे आज्ञा निवडतात. त्यांचा मार्ग बदलतो आणि निदान पक्के होते.

कधी बाइटांच्या जागी नुसती शून्ये दिसतात. इथे नवखा फसतो, कारण प्रोसेसरच्या भाषेत सलग दोन शून्य बाइट म्हणजे बेरजेची एक वैध आज्ञा आहे. तो त्या बेरजेमागे लागतो. अनुभवी माणूस विचारतो, शून्ये आली कुठून? एक तर आतली प्रणाली भरकटून कोऱ्या मेमरीत गेली आहे, किंवा आज्ञा वाचताना पत्ता चुकीचा उलगडला. तिसरी शक्यता खुद्द प्रोसेसरची. एएमडीचे प्रोसेसर अडलेल्या आज्ञेचे बाइट स्वतःच हायपरव्हायजरला देतात. पण काही प्रोसेसरांत, ‘एसमॅप’ हे सुरक्षा वैशिष्ट्य सुरू असताना, ते बाइट वाचलेच जात नाहीत आणि रकाना रिकामा येतो. एएमडीने हा दोष १०९६ या क्रमांकाने नोंदवला आणि २०१९ मध्ये केव्हीएममध्ये त्यासाठी वेगळी तजवीज करण्यात आली.

संदेशच नसेल तर?

मग नोंदी घ्याव्या लागतात. लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएमच्या प्रत्येक घडामोडीची नोंद करण्याची सोय आहे. प्रोसेसर कधी थांबला, कोणत्या कारणाने, कोणत्या पत्त्यावर, ती थांबणूक दुसऱ्या पातळीची होती का, ती एल-१ कडे सोपवली की एल-० नेच निस्तरली आणि नक्कल कोणत्या आज्ञेची झाली, हे ओळीने लिहिले जाते. एल-० आणि एल-१ या दोन्ही ठिकाणच्या नोंदी घेऊन शेजारी शेजारी ठेवल्या, की तफावत दिसते. एल-० म्हणतो ‘सोपवली’ आणि एल-१ च्या वहीत ती पोहोचल्याची नोंदच नाही, तर चोर सापडला. एकच पत्ता शेकडो वेळा ओळीने आला असेल, तर गोठलेल्या संगणकाचे कारण कळते.

मात्र नोंदी घेतल्या की वेग बदलतो आणि वेगावर अवलंबून असलेला बिघाड लपून बसतो. म्हणून बिघाड हमखास घडवणारी छोटीशी चाचणी लिहिण्यावर भर असतो. ‘केव्हीएम युनिट टेस्ट’ या संचात अशा चाचण्या जमा केल्या आहेत. संपूर्ण प्रणाली सुरू न करता त्या एकेक आज्ञा तपासतात. एरवी प्रोसेसर ज्या आज्ञा थेट चालवतो, त्यांचीही मुद्दाम नक्कल करवून घेण्यासाठी २०१८ पासून केव्हीएममध्ये एक चोरवाट आहे. एक अवैध आज्ञा आणि तिच्यापाठोपाठ इंग्रजी ‘के’, ‘व्ही’, ‘एम’ ही अक्षरे लिहिली, की पुढची आज्ञा नकलाकाराकडे जाते. ही वाट चाचणीपुरतीच उघडायची असते, एरवी ती बंद असते.

हमखास घडणारी चाचणी हाती आली, की जुनी आवृत्ती चालते आणि नवी चालत नाही, एवढ्या माहितीवरून दोषी बदल शोधता येतो. दोन आवृत्त्यांच्या मधोमध असलेला बदल तपासायचा आणि निकालानुसार अर्धे बदल बाद करायचे. अशा निम्म्या-निम्म्याच्या पद्धतीने १६ हजार बदलांतून दोषी बदल १४ चाचण्यांत सापडतो.

२०२०ची त्रुटी नेमकी काय होती?

‘सीव्हीई-२०२०-२७३२’ ही त्रुटी केव्हीएमच्या इंटेल प्रोसेसरांसाठीच्या भागात होती. घरमालकाच्या उदाहरणात सांगायचे, तर पोटभाडेकरूच्या अर्जावर घरमालकाने भाडेकरूचा करार न पाहताच सही केली.

उपकरणांशी बोलण्यासाठी या प्रोसेसरांत ६५,५३६ ‘पोर्ट’ असतात. यांतील कोणत्या पोर्टला एल-२ ने हात लावला तर मला कळवायचे, याची यादी एल-१ देऊ शकतो. प्रत्येक पोर्टसाठी एक बिट, अशी ही ८ किलोबाइटांची यादी असते. एल-२ ची आज्ञा नेहमीच्या मार्गाने अडली, की ही यादी पाहिली जात असे. पण तीच आज्ञा नकलाकाराच्या मार्गाने आली, तर एल-१ च्या अटी तपासणारे काम तिथे अर्धवटच लिहिलेले होते. ज्या आज्ञांची तपासणी लिहिलेली नव्हती, त्यांना नकलाकार बिनदिक्कत पुढे जाऊ देत असे. त्यामुळे काही परिस्थितीत एल-२ ला, एल-० च्या हातून, एल-१ च्या अशा संसाधनांपर्यंत पोहोचता येण्याची शक्यता होती, जी त्याच्यासाठी बंद होती.

दुरुस्ती फेब्रुवारी २०२० मध्ये आली. तिचा गाभा साधा होता : एल-२ ची आज्ञा नकलाकारापुढे आली आणि एल-१ ची तिला हरकत नाही अशी खात्री करता येत नसेल, तर नक्कल करायचीच नाही. त्यासोबत पोर्टांची यादी तपासण्याचे काम पूर्ण करण्यात आले. या धोरणाची किंमत आहे. खात्री नसलेल्या आज्ञेवर आतला संगणक थांबतो आणि वापरकर्त्याला तो बिघाड वाटतो. पण तो दिसतो, नोंदवता येतो, दुरुस्त करता येतो. भिंतीला पडलेले भोक तसे दिसत नाही.

वेळेमुळेही चुका होतात का?

होतात, आणि त्या सर्वांत चिवट असतात. आज्ञा अडली आणि हायपरव्हायजरने ती मेमरीतून वाचली, या दोन क्षणांमध्ये फट असते. तेवढ्यात दुसऱ्या आभासी प्रोसेसरने ते बाइट बदलले, तर अडली एक आज्ञा आणि नक्कल झाली दुसरीची. कराराचेही तसेच होऊ शकते. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेली ‘सीव्हीई-२०२१-२९६५७’ ही त्रुटी याच जातीची होती. एएमडी प्रोसेसरांवर केव्हीएम एल-१ चा करार एकदा तपासण्यासाठी वाचत होते आणि वापरण्यासाठी पुन्हा वाचत होते. मधल्या क्षणात एल-१ ने करार बदलला, तर तपासला एक कागद आणि सही झाली दुसऱ्यावर. त्यातून भाडेकरूला थेट घरमालकाच्या घरात शिरता येते, हे संशोधकाने प्रत्यक्ष दाखवले. लिनक्सच्या ५.११.१२ आवृत्तीत ती फट बुजवण्यात आली.

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्येच याचा अंदाज दिला होता. एखादे यंत्र पुन्हा पुन्हा स्वतःच्या आत चालवता यायचे, तर त्याचा हायपरव्हायजर वेळेवर अवलंबून नसावा, अशी अट त्यांनी प्रमेयातच घातली होती.

मोबाइलमधील ‘आर्म’ प्रोसेसरचे काय?

फोनमधील आर्म प्रोसेसरांवर या दुखण्याचा एक भाग सौम्य आहे. उपकरणाच्या पत्त्यावर साधी वाच-लिही अडली, तर प्रोसेसर स्वतःच सांगतो की कोणते रजिस्टर होते आणि किती बाइट होते. आज्ञा वाचून अर्थ लावण्याची गरज पडत नाही. एका आज्ञेत दोन रजिस्टरे हलवणाऱ्या प्रकारांत मात्र प्रोसेसर ही माहिती देत नाही. अशा वेळी आर्मवरील केव्हीएम अंदाज बांधत नाही, नक्कल करण्यास सरळ नकार देते. अँड्रॉइड १३ पासून काही फोनमध्ये आभासी संगणक चालवण्याची सोय आली आहे. त्यामुळे हा विषय आता डेटा सेंटरपुरता राहिलेला नाही.

वापरणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

दुसऱ्या पातळीची गरज नसेल, तर ती एल-० वर बंद ठेवावी. केव्हीएममध्ये त्यासाठी एक पर्याय पुरतो. २०२० च्या त्रुटीपासून तेवढ्यानेच बचाव होत होता, कारण दुसरी पातळीच नसेल तर पोटभाडेकरूही नसतो. गरज असेल, तर खऱ्या यंत्राचे आणि आभासी संगणकाचे, अशी दोन्ही कर्नल अद्ययावत ठेवावीत. एकच अद्ययावत करून भागत नाही.

बिघाड झालाच, तर ‘आतला संगणक बंद पडतो’ एवढ्या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. प्रोसेसरचे नाव, एल-० आणि एल-१ दोन्हींच्या कर्नलची आवृत्ती, छापलेला संपूर्ण संदेश, आज्ञेचे बाइट आणि एक मजला काढल्यावर काय झाले, या पाच गोष्टी सोबत दिल्या, तर दुरुस्त करणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते.